दुखऱ्या दाढेनं निवडलेली करवत

अडतीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून झाल्यावर डॉक्टरांनी निवृत्तीच्या दिवशी शपथ घेतली, की यापुढे दात पाहायचे ते फक्त आरशात, स्वतःचे. घराच्या पुढच्या खोलीतला दवाखाना बंद झाला आणि तिथे सुतारकाम सुरू होणार, असं जाहीर झालं. रंधा आला, पटाशा आल्या, क्लॅम्प आले. पेशंटची खुर्ची तेवढी मधोमध राहिली, कारण ती जमिनीत बोल्टांनी आवळलेली होती आणि बोल्ट काही केल्या हलेनात.

"खुर्चीचा एक बोल्ट निघेना, आणि म्हणे कपाट करणार," बायको म्हणाली.

"बँडसॉ आली की बघ. दोन चाकांवर पट्ट्यासारखं ब्लेड फिरतं. लाकूड लोण्यासारखं कापतं."

"बोटंसुद्धा."

मशिनरीच्या दुकानात गेले, तर दुकानदार गालाला रुमाल बांधून बसलेला. डॉक्टरांनी मोठ्या निश्चयानं तिकडे कानाडोळा केला.

"घरच्या कामाला बँडसॉ हवीय. दणकट. चाक केवढं घेऊ?"

"औआ इंई."

"चौदा इंची?"

दुकानदारानं मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते त्यालाही नक्की सांगता येईना.

"की चोवीस?"

"औआ!"

"बरं, ब्लेडला इंचामागे दात किती?"

'दात' म्हटल्याबरोबर दुकानदाराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. डॉक्टर पाच मिनिटं हट्टानं कॅटलॉग चाळत राहिले. पण गावात दुसरं दुकान नव्हतं आणि दुकानात दुसरं तोंड नव्हतं. शेवटी त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला.

"आ करा. अरे बापरे! खालची शेवटची दाढ पार पोखरलीय. उद्या सकाळी घरी या, काढून टाकू."

बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली, पण तोवर दुकानदारानं त्यांचे दोन्ही हात धरले होते. उपकार फेडायचा म्हणून मशीनची निवड त्यानंच केली. दुपारी टेम्पो दारात आला. बिडाचं अंग, तीन अश्वशक्तीची मोटर, उंची माणसापेक्षा हातभर जास्त. लाकडाच्या वखारीत शोभावं असं ते धूड सहा हमालांनी आत लोटलं. जागा एकच उरली होती, खुर्चीला खेटून.

"हे तुम्ही निवडलंत?" बायकोनं विचारलं.

"मी नाही गं. त्याच्या दाढेनं."

दुसऱ्या दिवशी दुकानदार येऊन खुर्चीत बसला. डॉक्टर तेव्हा गॉगल आणि चामडी एप्रन घालून ब्लेडचा ताण बघत होते. "एक मिनिट हं," म्हणून त्यांनी बटण दाबलं. घर्रर्र! दुकानदारानं डावीकडे पाहिलं. कानापासून दोन हातांवर शेकडो दात सुसाट खाली धावत होते.

"थांबली!" तो पहिल्यांदाच स्पष्ट बोलला.

"कुठे थांबली? चालू आहे की."

"कळ थांबली, डॉक्टर! पार गेली!"

"अहो, ती भीतीनं दबलीय. परत येईल. दाढ काढावीच लागेल."

"कसली दाढ?" म्हणत दुकानदार फाटकाबाहेर पोचलासुद्धा.

त्यानं दुकानात येईल त्याला हा चमत्कार सांगितला. आठवड्याच्या आत डॉक्टरांच्या दारात रांग लागली. हे औषध नाही, असं ते घसा फोडून सांगत, पण लोक खुर्चीत बसत, "जरा चालू करा ना," म्हणत आणि घाम पुसत खूश होऊन जात. एक काकू तर गुडघा घेऊन आल्या. एवढ्या गडबडीत लाकडाचा साधा तुकडा कापायला डॉक्टरांना सवड मिळेना.

"लोक किती वेळ उभे राहणार? एक बाक तरी करा," बायको म्हणाली.

रविवारी दार लावून डॉक्टरांनी बाक केला. जाड फळी खरोखरच लोण्यासारखी कापली गेली. कापलेल्या कडेवरून बोट फिरवताना त्यांना आपण आता खरे निवृत्त झालो असं वाटलं.

सोमवारी बाक गच्च भरला. शेवटच्या टोकाला, गालावर हात ठेवून, दोन गल्ल्या सोडून नवा दवाखाना थाटलेला तरुण डेंटिस्ट बसला होता.

"तुमचीही दाढ?" डॉक्टर चकित झाले.

"नाही सर, काळजीनं हात जातो गालावर. आठवडा झाला, माझ्याकडे एकही पेशंट फिरकला नाही." मग इकडेतिकडे बघत त्यानं आवाज खाली आणला. "माझी खोली तशी लहान आहे, सर. मला कुठलं मॉडेल बरं पडेल?"