मिठबावच्या पाणंदीतील एक्सलमोहीम

थोरांच्या लढाया लिहिण्यास थोरांचे चिटणीस होते. ही लढाई मिठबाव मुक्कामी जीपगाडीपायी झाली आणि तिचा चिटणीस कोणी नेमिला नाही, सबब जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे.

राजश्री यज्ञेशराव यांणी आपली जुनी जीप हौसेखातर हातभर उंच केली आणि तीस ट्रॅक्टरासारखी चाके चढविली. मग ऐन हंगामात, मातोश्री आनंदीबाईसाहेबांचा वर्षाचा हापूस कातळावरच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, पेट्या भरून तयार असता, रिकामी जीप अरुंद पाणंदीतून चढणीस लागली आणि मागला एक्सल कडाडून मोडला. दुसरी गाडी त्या चढास धजेना आणि आंबा पिकावयाचा थांबेना. मातोश्रींचे फर्मान सुटले: "गाडी माडाएवढी उंच केलंस रे, आणि आंबे खंय? वयरच! कुसाच्या आधी खाली घेवन ये, नायतर तुझी चाकां बावीच्या पाण्यात टाकतंय."

मग भाई मिस्त्री यांच्या गॅरेजात खलबत जाहले. भाईंपाशी भंगारातला एक लॉरीचा एक्सल तयार होता, त्याजवर थाप मारून ते वदले, "ह्यो घाल. हत्ती बसलो तरी मोडाचो नाय." यज्ञेशराव तत्काळ राजी. परंतु भगिनी प्राजक्ताबाई, पदार्थविज्ञानात पारंगत, यांणी हरकत घेतली जे, चाकाची त्रिज्या वाढली म्हणोन एक्सलास पीळ अधिक बसला आणि तो मोडला, हे खरे. एक्सलाच्या आतला दांडा जाड पाहिजे, हेही खरे. परंतु लॉरीचा एक्सल रुंदही आहे.

"पाणंदीतून जातलो काय तो? मोजलंस?"

कोणी मोजले नव्हते. मग यज्ञेशराव टेप घेऊन पाणंदीवर चालून गेले.

येथे घात जाहला. पाणंदीच्या एका अंगास दगडांचा गडगा, आणि तो आनंदीबाईंचा की त्यांचे चुलत दीर गंगारामपंतांचा, हा तंटा आजोबांपासून चालत आलेला. त्या मुलखात गडग्यापाशी तलवार काढली तर लोक हसतील. टेप काढला तर युद्ध. गंगारामपंत हातातली चहाची कपबशी तैशीच घेऊन धावले.

"मोजणी लावलास? माका न सांगता?"

"काका, एक्सलासाठी मोजतंय!"

"एक्सल खंय आसा? माका तर गडगोच दिसता!"

मग गलबला उठला, आणि शेजारी जमले, आणि कोणी वकील सुचवू लागले, आणि पंतांनी घरातून जुना नकाशा मागविला. आंबे वर मऊ पडत होते. तेव्हां प्राजक्ताबाई वकिलातीस पुढे सरल्या आणि टेपाचे एक टोक पंतांपुढे धरून बोलिल्या, "काका, ह्या तुमी धरा. मगे कोण कोणाक फसवीत नाय."

पंतांनी कपबशी गडग्यावर ठेविली आणि टोक धरिले, आणि असे घट्ट धरिले की टेप सुटेना. माप निघाले. लॉरीचा एक्सल गडगा पाडल्यावाचून जाणे नाही. जीपचाच एक्सल, आत जाड दांडे घातलेला, चार बोटे राखून जातो. दोन्ही पक्षी माप मंजूर जाहले. भाईंनी लॉरीच्या एक्सलाकडे एकवार पाहून उसासा टाकिला आणि वेंगुर्ल्याहून जाड दांडे आणवून जीपेस बसविले.

मग जीप चढली आणि पेट्या लादून उतरली. गंगारामपंत गडग्याच्या रक्षणार्थ पुढे उलटे चालत ओरडत होते, "डावीकडे घे! अरे, दगडाक लागलो तर बघ!" आणि यज्ञेशराव त्या शिव्यांच्या आधारे सुखरूप बाहेर पडले.

येणेप्रमाणे हापूस कुसला नाही, एक्सल मोडला नाही, आणि सरहद्द तसूभर हलली नाही. आनंदीबाईसाहेबांनी पहिली पेटी उतरवून गडग्यावर ठेवविली आणि मागे न पाहता गेल्या. गडगा कोणाचा हे ठरलेले नसल्याने ती पेटी दिली की विसरली, आणि पंतांनी घेतली की आपल्या हद्दीतून उचलली, याचा निर्णय करिता येत नाही. कोयी मात्र गंगारामपंतांच्या अंगणात पडल्या, इतके नक्की. फत्ते जाहली.