इनक्युबेटरची पूजा

आमच्या महाविद्यालयात स्वागत समितीच्या मंजुरीशिवाय काहीही सुरू होत नाही, हे मी समितीचा अध्यक्ष या नात्यानं नम्रपणे नमूद करतो. उद्घाटनाला पाहुणे मिळेपर्यंत पाण्याची नवी टाकीसुद्धा आम्ही कोरडी ठेवली होती.

असं असताना पीएचडी करणाऱ्या माढ्याच्या ऋतुजानं प्रयोगशाळेत परस्पर काम सुरू केलं. भाजलेल्या जखमेवर लावायची पट्टी, तीही केसाहून कितीतरी बारीक धाग्यांची. शरीराला ती मानवते का, हे बघायला तिनं एका डिशमध्ये धाग्यांची जाळी ठेवली, तिच्यावर माणसाच्या त्वचेच्या पेशी सोडल्या आणि डिश इनक्युबेटरच्या उबेत बंद केली. पेशी वाढल्या तर पट्टी पास. मेल्या तर अनुदान बंद, आणि तिची पीएचडीही.

"उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं?" मी विचारलं.

"सर, पेशी थांबत नाहीत."

"पाहुणे तर मुळीच थांबत नाहीत."

मी तातडीनं सोहळा ठरवला. सात रस्ता चौकातल्या फुलवाल्याकडून हार आले, सत्काराची चादर आली. संस्थेचे उपाध्यक्ष आबासाहेब आले. त्यांनी आजवर एकही फीत दुसऱ्याला कापू दिलेली नाही.

"सर, पाया पडते, डिश उघडू नका," ऋतुजा आडवी आली. "कुंकू झाकणावर लावा."

"देवाला काय झाकणावरनं कुंकू लावत्यात व्हय?" आबासाहेब म्हणाले.

मुद्दा बिनतोड होता. झाकण निघालं. हळदकुंकू, फूल, नारळाचं पाणी, सगळं यथासांग झालं. ऋतुजा रडत होती. आनंदाश्रू म्हणून मी त्याची इतिवृत्तात नोंद घेतली.

पुढच्या आठवड्यात तिनं डिश माझ्या टेबलावर ठेवली. आत हिरवी-काळी लव माजली होती.

"सगळ्या पेशी मेल्या, सर. ही बुरशी आहे."

"बुरशी सजीव असते ना?"

"असते, पण..."

"जाळीवर वाढली?"

"लई वाढली," ती थकून म्हणाली.

"मग सजीवानं पट्टी स्वीकारली की."

अहवालात आम्ही बुरशीऐवजी 'स्थानिक जीवसृष्टी' असं लिहिलं. ऋतुजानं सही करायला नकार दिला. तिची पीएचडी तिथंच संपली. हल्ली ती पुण्यात नोकरी शोधते म्हणे.

तज्ज्ञाची सही नाही म्हणून वर अहवाल अडला. तेव्हा आम्ही जनतेची मान्यता जोडली. सोहळ्याचा फोटो तुमच्याही ग्रुपवर आला होता. त्यात उघडी डिश आणि आतलं कुंकू स्वच्छ दिसत होतं. तुम्ही खाली 'हार्दिक अभिनंदन' लिहिलंत.

पट्टी मंजूर झाली आहे. कधी भाजलं तर दवाखान्यात निःसंकोच मागा. तुमच्याच शिफारशीची आहे.