ओढ्याकाठचा काना

तळेखेडमधल्या कुठल्याही घराची बेल दाबली की तालुक्याच्या कचेरीतल्या कागदावर एक अक्षर उमटतं. घरं सव्वीस, गल्ल्या तीन. मारुतीच्या देवळातली घंटा वाजवली की दोन शब्दांमध्ये जागा पडते. गावचा टंकलेखक दिगंबर सपकाळ सायकलवरून या दारातून त्या दारात जातो आणि तालुक्याचा सगळा पत्रव्यवहार संध्याकाळपर्यंत उरकतो. बेल सरकारी असल्यामुळे पाहुणे तिला हात लावत नाहीत, अंगणातून हाक मारतात.

इंदुमती गव्हाणे यांचं घर झेडचं. तिसऱ्या गल्लीत, अगदी ओढ्याकडच्या टोकाला. पत्रव्यवहार इंग्रजीत होता तोवर झेडला फारसं काम नव्हतं. 'सिटिझन' या शब्दात झेड येतो, पण तालुक्याच्या पत्रांत त्या शब्दाची सहसा गरज पडत नसे. यजमान गेले, दोन्ही मुली हुबळीला नांदत होत्या, आणि हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. वर्षातून दोनदा बेल वाजली तर वाजली. वाजली की इंदूताई दिवसभर खुशीत असत.

पत्रव्यवहार मराठीत करायचं ठरलं आणि घरांची अक्षरं बदलायला दाभोळे नावाचे अधिकारी नकाशा घेऊन आले, तेव्हा म्हणूनच देवळाच्या पारावर सगळ्यांत आधी जाऊन बसल्या त्या इंदूताई. आपल्याला काय मिळेल? 'क' मिळाला तर सोनंच. 'ठ'लाही त्यांची ना नव्हती. ठराव काय, रोजच होतात.

दाभोळ्यांनी यादी वाचली. मराठीत अक्षरं जास्त, म्हणून बऱ्याच घरांच्या वाट्याला दोन-दोन आली. एकदा दाबलं की एक, लागोपाठ दोनदा दाबलं की दुसरं. ईच्या घरातले भानुदास कासार इंग्रजीत दिवसभर बेल ऐकून अर्धे बहिरे झाले होते. मराठीत तरी सुटका होऊ दे, असा नवस बोलून ते आले होते. त्यांना काना मिळाला. ते मटकन खालीच बसले.

"झेड," दाभोळे म्हणाले, "रिकामं."

"म्हणजे?" इंदूताईंनी विचारलं.

"म्हणजे घर फार टोकाला पडतं, म्हणून त्याला मराठीत काही नेमलेलं नाही. सोमवारी माणूस येईल, बेल काढून नेईल."

  इंदूताई उठून उभ्या राहिल्या. "कासारांचा काना मला द्या."

"द्या हो साहेब, आत्ताच्या आत्ता द्या!" कासार खालूनच ओरडले.

दाभोळ्यांनी नियमावली चाळली. अदलाबदल करता येत होती. मात्र टंकलेखकाची संमती हवी होती, कारण सवय त्याच्या पायांना असते.

"साफ नाही," दिगंबर म्हणाला. "कासारांचं घर देवळासमोर. ते सोडून उठसूट ओढ्यापर्यंत जायचं? काना म्हणजे दिवसाला चारशे फेऱ्या. गुडघे राहतील का माझे? आणि ताई, त्या आवाजानं तुम्हालाही वेड लागेल."

"आधी वाजू तर दे. वेडाचं मग बघू."

"पण हवाय कशाला तुम्हाला?"

"दिगंबर, माझी बेल शेवटची कधी वाजवलीस?"

तो आठवू लागला. "गेल्या श्रावणात. कुठल्याशा 'सिटिझन'साठी."

"मी हात पुसून दार उघडेपर्यंत तू कोपऱ्यावरून वळला होतास."

"दार उघडायचं नसतं, ताई. नुसतं अक्षर असतं ते."

"ठाऊक आहे."

दिगंबरनं टोपी काढली, परत घातली आणि दाभोळ्यांच्या कागदावर सही केली. कारणाच्या रकान्यात दाभोळ्यांनी बराच विचार करून 'वैयक्तिक' असं लिहिलं.

सोमवारी माणूस आला आणि कासारांची बेल काढून घेऊन गेला. मंगळवारी मराठी सुरू झाली. इंदूताई सकाळीच अंघोळ उरकून, ठेवणीतलं लुगडं नेसून दारामागे बसल्या. बेल वाजली नाही. दिगंबरचे पाय सवयीनं कासारांकडेच जात होते आणि बोट भिंतीवरच्या खिळ्यांची भोकं दाबत होतं. त्या दिवशीची सगळी पत्रं कान्याशिवाय गेली. तालुक्याहून काही तक्रार आली नाही. दिवस मावळल्यावर इंदूताई दारामागून उठल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

बुधवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली.

त्यांनी धावत जाऊन दार उघडलं. दिगंबर एक पाय जमिनीला टेकवून धापा टाकत होता.

"काल पाय ऐकतच नव्हते," तो म्हणाला. "दार उघडायचं कारण नाही, ताई."

"कशातला?"

"काय?"

"काना कशातला?"

"'पाणी'तला."

त्यांनी दार लावलं. थोड्या वेळानं पुन्हा बेल वाजली.

"आता?"

"'टाकी'तला."

"फुटली का काय?"

"अजून तिथवर आलो नाही," असं म्हणून तो देवळाकडे वळला.

दुपारपर्यंत इंदूताईंनी दोनशे अकरा वेळा दार उघडलं. दोनशे बाराव्या वेळेनंतर त्यांनी ते लावलंच नाही.