सहा मिलिमीटर मागे

जबड्याच्या डॉक्टरांचा एक नियम होता. कुठलंही नवं यंत्र आधी घरच्या माणसावर चालवायचं, मग पेशंटवर. त्यामुळे ऑपरेशनचा आराखडा आखून देणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्राम आला, तेव्हा स्कॅनर चालवणाऱ्या तंत्रज्ञानं डॉक्टरांनाच भरघोस दाढीसकट त्यात उभं केलं. प्रोग्राम झकास चालला. अहवाल वाचायला तेवढा कुणाला वेळ झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई आल्या. त्यांचा खालचा जबडा इतका पुढे, की सफरचंद खायचं तर सुरी शोधावी लागे. ऑपरेशन मात्र त्या चार वर्षं टाळत होत्या. कधी सहामाही आडवी येई, कधी वार्षिक. खरी आडवी येई ती भीती. आज थोरल्या बहिणीनं हाताला धरून आणलं होतं.

"दुखेल का हो?"

"छे, अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. वीस वर्षं ते सगळ्यांना हेच सांगत होते.

बाईंचा स्कॅन झाला, पडद्यावर कवटी उमटली. डॉक्टरांनी चष्मा चढवून वाचायला घेतलं. खालचा जबडा सहा मिलिमीटर मागे आहे, असं यंत्राचं मत होतं.

"मागे? माझा तर पुढे आहे."

आरशावर फार विसंबू नये, डॉक्टरांनी समजूत घातली. यंत्रानं लाखभर जबडे पाहिलेत. पुढे लिहिलं होतं की रुग्ण घोरत असावा. ताईनं उत्साहानं दुजोरा दिला. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की शेवटच्या बाकापर्यंत वर्ग चिडीचूप झाला असता. त्यापुढचं वाक्य डॉक्टरांनी ओघात वाचून टाकलं : हनुवटीची उणीव झाकण्यासाठी रुग्णानं दाढी वाढवली आहे.

ताईनं बहिणीचा चेहरा एकदा नीट न्याहाळला.

"सर," तंत्रज्ञ भिंतीकडे बघत म्हणाला, "कालची, तुमची फाइल उघडी राहिलीय." आणि डॉक्टरांचा तो नियम त्यानं पाहुण्यांना सविस्तर समजावून सांगितला. मग बाईंची फाइल उघडली. जबडा बरोबर सहा मिलिमीटर पुढे.

"माझे जास्तीचे सहा घेऊन टाका तुम्ही," बाई म्हणाल्या. त्यांना आता चांगलाच चेव आला होता. "तुमचं ऑपरेशन कधी मग?"

डॉक्टरांचा हात दाढीत गेला. "सध्या जरा कामं फार आहेत."

हा सूर बाई चार वर्षं स्वतःच्याच तोंडून ऐकत होत्या.

"आधी तुम्ही, मग मी," त्या म्हणाल्या. "नियम तुमचाच आहे. आधी घरचा माणूस."

दोन महिन्यांनी बाई आल्या तेव्हा डॉक्टरांची दाढी गेली होती, हनुवटी आली होती, आणि वरचे-खालचे दात रबरांनी घट्ट बांधलेले होते. ऑपरेशन त्यांच्याच एका विद्यार्थिनीनं केलं होतं, अजिबात दुखणार नाही असं सांगून.

"दुखलं का?"

डॉक्टरांनी वहीत लिहिलं, 'छे, अजिबात नाही.' वर पाहिलं. बाई तशाच बघत होत्या. डॉक्टरांनी ते खोडलं आणि खाली लिहिलं, 'चार दिवस खूप. मग कमी.'

बाईंनी वही ओढून घेतली, पर्समधलं लाल पेन काढून त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली, आणि त्याच पेनानं आपल्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही ठोकली.