बाळारामभाऊंचा भोंगा

मुलांनो, तुम्हाला तिकडे घड्याळ उठवतं. मला खरवईत बारा वर्षं बाळारामभाऊंनी उठवलं. सकाळी बरोबर सात वाजता शेजारच्या अंगणातून ते तोंडाने कारखान्याचा भोंगा वाजवत. आधी बारीक, मग चढता, शेवटी खोकला. त्यानंतर खुराड्याचं दार उघडायचं आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कोंबडीची नावानिशी हजेरी व्हायची. रेंगाळली तिला "लेट मार्क".

अंबरनाथच्या एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी टाइमकीपर म्हणून हयात काढली होती. निवृत्त झाले, पण गेट काही सुटलं नाही. घरात ते आणि सुमनताई, दोघंच. मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल दोघंही कधी बोलत नसत.

कोंबड्या सुमनताईंच्या. भाऊंना त्यांत फक्त हजेरीपुरता अधिकार. म्हणून की काय, एकदा ते उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये छत्री दुरुस्त करायला गेले आणि आठ जपानी लावे घेऊन आले. "साईं, नाज़ुक माल है, सँभालना," असं सिंधी दुकानदाराने बजावलं होतं. भाऊंनी लाव्यांना खुराड्याशेजारी जाळीचा पिंजरा केला. कोंबड्या कायम, लावे टेंपररी, अशी विभागणीही केली. मुठीत मावतील एवढे ते पक्षी ठिपक्याठिपक्यांची अंडी भराभर घालत, पण त्यांवर बसायचं नाव नाही. "काम टाकून घरी जातात," भाऊ माझ्याकडे तक्रार करत. "युनियनवाले दिसतात."

एका फेब्रुवारीत सुमनताईंची चंद्री कोंबडी खुडूक झाली, अंडी उबवायला बसू लागली. चंद्री म्हातारी, पुन्हा बसेल याचा भरवसा नव्हता. तिचा वंश राहावा म्हणून सुमनताईंनी तिचीच सात अंडी निवडून टोपलीत मांडली, तिला वर बसवलं, आणि त्याच दुपारी भाचीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे बुवापाड्याला बहिणीकडे गेल्या. रिक्षात बसता बसता नवऱ्याला एकच सांगून गेल्या: टोपलीला हात लावायचा नाही.

संध्याकाळी भाऊंनी लाव्यांची दहा अंडी हळूच चंद्रीच्या पंखाखाली सरकवली.

हे कळल्यावर मी वाचनालयातलं कोंबडीपालनाचं पुस्तक घेऊन गेले. लाव्याचं पिल्लू सतरा-अठरा दिवसांत निघतं, कोंबडीचं एकवीस दिवसांत. सगळी अंडी एकाच दिवशी बसवल्याने घोटाळा होईल, हे त्यांना नीट समजावलं. भाऊंनी ऐकून घेतलं.

"बाई, ते तुमच्या बुकात. एका शिफ्टला लागले, एकाच भोंग्याला सुटतील."

अठराव्या दिवशी लाव्यांच्या दहातली आठ अंडी फुटली. अंगठ्याएवढी, पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं टोपलीभर धावू लागली. चंद्रीचा समज झाला की आपलं काम झालं. ती ऐटीत उठली आणि वरात घेऊन अंगणात निघाली. मागे सात अंडी उघडी. भाऊंनी तिला तीनदा उचलून टोपलीत ठेवलं. तीनदा ती हात टोचून बाहेर आली. दुसरी कोंबडी खुडूक नव्हती. बल्ब लावावा, तर आमच्याकडची वीज जेवायच्या वेळेला जायची ती चहापर्यंत यायची नाही.

मी गेले तेव्हा भाऊ खाटेवर, मार्चच्या उकाड्यात, गोधडी ओढून कुशीवर पडले होते. सातही अंडी पोटाशी.

"सुमनला काय तोंड दाखवू? तिनं एकच गोष्ट सांगितली होती."

ज्या माणसाला पाच मिनिटं एका जागी बसवत नसे, तो तीन दिवस तसाच पडून राहिला. मी भाकरी नेऊन देई, ते पडल्या पडल्या खात. माझं पुस्तक मात्र मुकाट्याने मागून घेतलं आणि त्यात लिहिल्याप्रमाणे ओलं फडकं कधी फिरवायचं ते विचारलं. सकाळी प्रातर्विधी-आंघोळीपुरते उठत, तेव्हा अंडी माझ्या शालीत असत. हे तुमच्या आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही. सातचा भोंगाही ते आडवे पडूनच वाजवत, आणि खुराडं मी उघडे. हजेरी मात्र मला देत नसत. नावं पुकारायचे ते, पाहून "हाजर" म्हणायचे मी.

एकविसाव्या दिवशी दुपारी सुमनताई आल्या. अंगणात चंद्री आठ ठिपक्यांना दाणे टिपायला शिकवत होती. सुमनताईंनी ते पाहिलं, मग रिकामी टोपली पाहिली, आणि पिशवी हातात घेऊनच घरात शिरल्या. मी दाराशी थांबले. म्हटलं, आता काही खरं नाही.

"उठा. काय करून ठेवलंत ते दाखवा मना."

भाऊ हलले नाहीत. त्यांनी सुमनताईंचा हात धरून गोधडीत ओढला आणि एका अंड्यावर ठेवला.

"आतून ठोकतंय. आता मी उठलो, तं गेट कोण उघडंल?"

 सुमनताईंनी हात काही काढला नाही. मग पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सरका जरा."

मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, सव्वासात झाले, पण भोंगा झाला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच. मी घाबरून खिडकीतून डोकावले. गोधडीच्या कडेला डोकं टेकून सुमनताई बसल्या बसल्या झोपल्या होत्या. भाऊ उताणे, आणि त्यांच्या बनियनवर पाच पिवळे गोळे. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हलू बोला, बाई," ते पुटपुटले. "नवीन भरती झोपलीय."