वाघोबाची बाळलस

एका जंगलात, बाळांनो, कुणालाच आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती. त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. दवाखान्यातली टिटवी नर्सबाई प्रत्येकाच्या कागदी कार्डावर लिहायची, ‘मोह फुलला तेव्हा जन्म. आंबे पिकायच्या आत लस.’ झालं काम.

मग शहरातून मुंगूससाहेब आले. हातात मोबाईल.

“सगळी कार्डं यात भरा,” साहेब म्हणाले. “कागद गेला की आजार गेला!”

कागद गेल्यावर आजार कसा जातो, ते मला विचारू नका. साहेबांनाही कुणी विचारलं नाही.

मोबाईलनं पहिल्याच फटक्यात जन्मतारीख मागितली. मोह फुलल्याचं त्याला चालेना. टिटवी रडकुंडीला आली.

“अहो, त्यात काय! सगळ्यांना गेल्या वर्षीचा एक जून टाका,” साहेब म्हणाले.

हसताय काय रे? आपापल्या आजोबांचा वाढदिवस आठवा आधी.

तर हत्ती वर्षाचा झाला, कासव वर्षाचं झालं. रेवा चितळीण आणि तिचं तान्हं पाडस एकाच दिवशी जन्मले. फक्त वाघोबाचं वय विचारायची कुणाची छाती झाली नाही. तो रकाना रिकामा राहिला. मोबाईलनं आपल्या मनानं तिथं नोंद केली त्या दिवसाचीच तारीख घातली. जुनी कार्डं साहेबांनी वाळवीला देऊन टाकली.

आणि जंगलात ताप आला. पाडसं पटापट जाऊ लागली. रेवा आपलं पाडस घेऊन धावत दवाखान्यात आली.

“नर्सबाई, याला सुई द्या हो!”

टिटवीनं मोबाईल पाहिला. “रेवाताई, हा वर्षाचा झालाय. लस वर्षाच्या आतल्यांना.”

“अहो, अजून दूध पितोय तो! तुमच्यासमोर तर जन्मला!”

“मला दिसतंय हो. पण मोबाईल हो म्हणाल्याशिवाय पेटीचं कुलूप उघडत नाही. दुरुस्ती शहरात होते.”

“मग हा मेला हो म्हणतो तरी कुणाला?”

टिटवीनं आवाज खाली आणला. “एकालाच. वाघोबांना.”

वाघाच्या दारात कोण जाणार? पण शेजारणीचं पाडस कालच गेलं होतं. ती तशीच पाडसाला घेऊन गुहेकडं निघाली. आईच ती!

वाघोबा गुहेत तोंड लपवून बसला होता. सुईला तो भारी घाबरायचा, आणि मोबाईलचं बोलावणं तर आलेलं: ‘बाळास लसीसाठी त्वरित आणावे.’

“महाराज,” रेवा म्हणाली, “तुमच्या नावावर माझं पाडस सुई घेईल.”

वाघोबानं पाडसाकडं बघत जिभल्या चाटल्या.

“खुशाल खा. मग सुई तुम्हालाच टोचतील.”

वाघोबानं जीभ आत घेतली.

मोबाईल वाघोबाला हो म्हणाला, पेटी उघडली, सुई पाडसाला टोचली. पाडसानं भोकाड पसरलं. रेवाही रडली, पण सुखानं.

दुसऱ्या दिवशी झाडून साऱ्या आया रांगेत. टिटवीही आता तयार झाली होती. प्रत्येक पाडसाचं तिनं नव्यानं नाव घातलं, वाघोबा. वयाचा रकाना रिकामा. पेटी खटाखट उघडू लागली.

ताप पळाला. मोबाईलमध्ये मात्र नुसते वाघच वाघ झाले, तेही तान्हे. जंगलात वाघ वाढवले म्हणून मुंगूससाहेबांचा शहरात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

तात्पर्य: लेकरू जगवायचं असेल, तर त्याची खरी नोंद कदापि करू नये. खरी नोंद मेल्यावर सावकाश करता येते.