अठरा एमएमचा हातोबा

सिंधुबाईंचा चष्मा सापडत नव्हता, आणि डोळ्यांवर चष्मा नसल्यामुळे तो शोधताही येत नव्हता. भिंत चाचपत त्या तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात आल्या तेव्हा त्यांची सून हर्षाली डब्यात भाजी भरत होती.

"फ्रिजवर बघ ना गं. तिथंच ठेवला होता म्या."

"दोनदा बघितलं हो आई."

इतक्यात शेखर पायात एकच मोजा घालून आत आला. "हर्षाली, माझी पट्टी कुठंय?"

पट्टी म्हणजे द्राक्षाचा मणी मोजायची, ओळीनं भोकं पाडलेली स्टीलची पट्टी. मणी अठरा एमएमच्या भोकातून खाली पडला नाही, तर माल परदेशी. पडला, तर इथल्याच मंडईत.

"अकरा वाजता एक्सपोर्टवाले दिंडोरीला बागेत येणारेत," शेखर म्हणाला. "त्यांची पट्टी त्यांच्या बाजूनं मोजती. आपली आपल्या हातात पाहिजे."

चष्मा आणि पट्टी. हर्षालीचा चमचा भाजीतच थांबला.

गेले आठ दिवस त्यांची लेक सायली वही घेऊन घरभर मुलाखती घेत हिंडत होती. तिसरीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला भविष्यातला, सगळं एकातच असलेला, हातात मावणारा कॉम्प्युटर करायचा होता. नावही तिनंच ठेवलं होतं, हातोबा. "तुला त्यात काय पाहिजे?" असं तिनं प्रत्येकाला विचारलं. आजी म्हणाली, औषधाच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं मोठी दिसली पायजेत. बाबा म्हणाले, मणी किती एमएमचा ते जागेवर कळलं पाहिजे. हर्षाली कणीक मळत होती. ती म्हणाली, "मला काही नको गं बाई. कुठून तरी अर्धा तास दे." सायलीनं तेही जीभ बाहेर काढून नीट लिहून घेतलं.

द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा हर्षालीनंच कापून दिला होता. काल संध्याकाळपर्यंत त्यावर नुसतेच रंगवलेले गोल होते. आज सकाळी मात्र सायली तो ओढणीत गुंडाळून, "कुणी बघायचं नाही, सरप्राइज आहे," म्हणत शाळेच्या रिक्षात बसली होती.

"तिनं खरंच चिकटवलं सगळं," हर्षाली म्हणाली.

"चला मग, काढून आणू!" शेखर दुसरा मोजा शोधायला लागला.

"काढून बिढून काही आणायचं नाही!"

हर्षालीला काळजी होती, पण ती चष्म्याची नव्हती. घरी सायलीचं तोंड क्षणभर मिटत नसे. शाळेत मात्र दोन वर्षांत तिनं एक शब्द उच्चारला नव्हता. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. तिच्या वर्गाच्या साधना मॅडमनी परवाच सांगितलं होतं, "प्रदर्शनात तिला चार वाक्यं बोलू द्या. तुम्ही मधे पडू नका. नाहीच बोलली, तर एकदा कुणाला तरी दाखवू या." ते 'कुणाला तरी' म्हणजे कुणाला, हे विचारायचं हर्षालीनं अजून टाळलं होतं.

"आधी तिचं बोलणं होऊ द्यायचं," तिनं दोघांना बजावलं. "तोवर कुणी चष्मा मागायचा नाही, कुणी पट्टी मागायची नाही."

"मला कुठं दिसतंय, काय मागू मी?" म्हणत सिंधुबाई हर्षालीच्या स्कूटीवर मागं बसल्या. शेखर मोटरसायकलवर पुढं निघाला.

शाळेच्या हॉलमध्ये सायली हातोबा छातीशी धरून उभी होती. समोर परीक्षक झुंबर गायधनी सर. चांगले भरदार गृहस्थ.

"काय केलंय बाळ तू?"

सायली बुटांकडे बघत राहिली.

"बरं, नाव तरी सांग."

बूट. हर्षालीचे ओठ शिवशिवले. कोपऱ्यातून साधना मॅडमनी डोळ्यांनीच 'अहं' केलं. हर्षालीनं पदराचं टोक मुठीत आवळलं.

सर मनानं चांगले होते. मुलीला अवघडायला नको म्हणून त्यांनी हातोबा स्वतःच हातात घेतला. "वा! आणि हे काय, इथून चालू होतो का?" असं म्हणत त्यांनी पुठ्ठ्याच्या कडेनं बाहेर आलेल्या पट्टीच्या भोकात बोट घातलं.

बोट आत गेलं. बाहेर येईना.

सरांनी हलकेच ओढलं. मग जोरात ओढलं. मग इकडंतिकडं बघून हसत ओढलं. बोट टोमॅटोसारखं लाल झालं.

"सर, जोर नका लावू, पट्टी वाकंल!" शेखरच्या तोंडून गेलंच. नेमका त्याचा फोन वाजला. बागेतून गडी लहानू बोलत होता. एक्सपोर्टवाले लवकर आले होते आणि त्यांनी मोजायला सुरुवातही केली होती.

"थांबव त्यांना! पट्टी सापडली," शेखर म्हणाला. "पण सध्या माणसासकट आहे."

"माझा चष्मा हाय का तिथं?" सिंधुबाई आवाजाच्या रोखानं पुढं आल्या, हातोबावर हात फिरवला, चष्मा लागताच वाकून त्यांनी आपलं नाक त्यात बसवलं. आता हातोबाला एका बाजूनं सर होते आणि दुसऱ्या बाजूनं आजी.

"अगं बया! बोट लय सुजलंय की!" लख्ख दिसायला लागल्यावर त्या म्हणाल्या.

"आजी, जरा बाजूला होता का?" सर कळवळले.

"चष्मा सोडा, व्हते!"

गर्दी जमली. कुणी म्हणालं तेल आणा, कुणी म्हणालं अग्निशामकला फोन करा. शिपाई थेट करवत घेऊनच आला.

"कापायचं नाही!"

शिपाई जागीच थांबला. आवाज कुणाचा ते पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही.

"पट्टी बाबांची आहे, चष्मा आजीचा आहे आणि बोट सरांचं आहे," सायली म्हणाली. "काहीच कापायचं नाही. आजी, तू नाक काढ आधी. सर, हात डोक्याच्या वर धरा. अजून वर. बाबा, साबणाचं पाणी आणा, पळा! आई बांगडी अडकली की असंच करते."

हर्षालीला हुंदका आला की हसू, तिचं तिलाही समजलं नाही. शेखर मात्र पळाला.

साबण लागला, सायलीनं पट्टी हळूहळू फिरवली, आणि बोट सुटलं.

"तुम्ही अठराच्या भोकात घातलं ना, म्हणून," तिनं समजावलं. "तुमचं बोट एक्सपोर्टचं आहे."

सर बोट चोळत खो खो हसले. "आणखी काय काय करतो तुझा हातोबा?"

मग ती बोलतच सुटली. पाऊस यायचा असेल तर हातोबा आधी बागेला सांगतो, माणसांना नंतर. आजीचं औषध संपत आलं की तिच्याऐवजी तोच कुरकुरतो. त्याला चार्जर नाही, हाताच्या उबेवर चालतो. म्हणून त्याला एकटं टाकून द्यायचं नाही.

"आणि ज्या मुलांना सगळ्यांसमोर बोलायला भीती वाटते ना, त्यांच्या मनातलं तो बोलून दाखवतो."

"मग आज का नाही बोलला?"

सायलीनं विचार केला. "तुम्ही चार्जिंग संपवलं त्याचं. मग मलाच बोलावं लागलं."

हातोबाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. सरांनी शेरा लिहिला, 'उपकरण अजून चालत नाही, पण धरलेलं सोडत नाही.' शेखर पट्टी उचकटून, साबणासकट, दिंडोरीकडे सुसाट सुटला. दुपारी त्याचा फोन आला, मणी अठरातून पडत नाहीयेत. सिंधुबाईंनी शाळेतच चष्मा खरवडून घेतला. एका काचेवर फेविकॉल राहिला होता, पण त्यातून नात जास्त गोड दिसते म्हणाल्या.

घरी आल्यावर हर्षालीनं उरलेला पुठ्ठा टेबलावर ठेवला. सगळ्यांचं सगळं निघून गेलं होतं. कोपऱ्यात फक्त बाटलीचं एक लाल झाकण होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, 'आईचा अर्धा तास'.

तिनं गंमत म्हणून ते दाबलं.

"दाबलंस?" सायली धावत आली. तिनं आईला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, पलंगावर बसवलं आणि बाहेरून दार ओढून घेतलं. "आजी, आईला हाक मारायची नाही! चहा उशिरा! भाजीवाले काका, आज आई नाहीये, तिचा अर्धा तास चालू आहे!"

हर्षाली बसून राहिली. पुस्तक होतं, उशी होती, महिनाभर शिवायचं राहिलेलं ब्लाउज होतं. बाहेर सायली आजीला, भाजीवाल्याला, शेजारच्या राकेशदादाला हातोबाची गोष्ट पहिल्यापासून सांगत होती, दर वेळी सरांचं बोट थोडं जाड करून.

हर्षाली पाय न वाजवता उठली, आणि मिळालेला सगळा अर्धा तास तिनं दाराला कान लावून काढला.